शंकूला सुरक्षित बाजू नसते

शनिवारी सकाळी बाबांनी दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवूनच.

"हळू बोल. ती झोपलीय."

"कोण, आत्या?"

"आत्या झोपली की खालच्या मजल्यापर्यंत कळतं. बाल्कनीत चल."

लेकीने हातातल्या पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि ती त्यांच्यामागून गेली. गेल्या वर्षीपासून बाबांचा डावा पाय जरा ओढत चालायचा. चपलेचा फरशीवर खर्र, खर्र असा आवाज व्हायचा. बाल्कनीच्या कोपऱ्यात एक निळा टब होता. टबावर जाळी, जाळीवर वीट. आत ओली वाळू आणि त्या वाळूत अर्धा रुतलेला एक शंख. लांबट, एका टोकाला निमुळता, पांढुरक्या पाठीवर तपकिरी रेघा आणि डाग, बुडालेल्या बेटांचा नकाशा असावा तसे.

"शंकूगोगलगाय," बाबा कुजबुजले. "नकाशावाली. जिवंत."

बाबांनी चौतीस वर्षं बंदराजवळच्या संग्रहालयात शंखांची कपाटं सांभाळली होती, त्यामुळे ही बाई कोण ते लेकीला पाढ्यांच्याही आधीपासून पाठ होतं. दिवसा वाळूत पडून राहते. उजेड कमी झाला की सोंड बाहेर काढते. सोंडेच्या टोकाला भाल्यासारखा पोकळ दात, दातात विष. मासा क्षणात लुळा पडतो आणि ती त्याला सावकाश गिळते, कसलीही घाई नसल्यासारखी. माणसाला टोचली तर काही वेळा दुखतसुद्धा नाही. आधी बोट बधिर होतं, मग ओठ, मग श्वास. त्या विषावर उतारा नाही.

"बाबा, ही घरात ठेवायची वस्तू आहे का?"

"वस्तू नाही, पाहुणी. एका जाळेवाल्याने आणून दिली. हिची सुरक्षित बाजू कोणती, सांग बघू."

"शंकूला सुरक्षित बाजू नसते. सोंड कुठेही वळते."

"शाब्बास. घाबरलीस?"

"नाही."

हा त्यांचा जुना खेळ होता. तिच्या दप्तरात रबरी मासा, उशीखाली वाळलेला तारामासा, आंघोळीच्या बादलीत काटेरी फुगामासा. बाबा दाराआडून विचारायचे, "घाबरलीस?" आणि ती म्हणायची, "नाही. टॉवेल द्या." घाबरलीस तर घाबरले म्हणायचं, एवढा एकच नियम होता आणि तिने तो पाळायची वेळच कधी येऊ दिली नव्हती. आता ती सेहेचाळीस वर्षांची होती, छापखान्यात मुद्रितं तपासायची, दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने शोधायची. बाबा अठ्ठ्याहत्तरचे. खेळ चालूच होता.

"याला लेबल नाही लावलंत?" तिने विचारलं. त्या घरात लेबल नसलेली वस्तू म्हणजे नवलच होतं. बाबांनी निवृत्त होताना संग्रहालयातली जुनी कोरी लेबलं गठ्ठ्याने आणली होती आणि साखरेच्या डब्यावरही 'नाव: साखर. प्राप्ती: मंगळवार. स्वभाव: मुंग्यांना प्रिय' असं लिहून ठेवलं होतं. आत्याच्या छत्रीला 'प्रौढ. डावी काडी भग्न' असं लटकत होतं.

"लिहितोय. एक रकाना राहिलाय." त्यांनी कोटाच्या खिशावर थोपटलं. "संध्याकाळपर्यंत थांब ना. सहा-साडेसहाला बाहेर येते. बघण्यासारखं असतं."

"आज नाही जमणार. पुस्तकाचे दोन फॉर्म तपासून द्यायचेत. पुढच्या शनिवारी."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," बाबा म्हणाले आणि काहीतरी लपवताना लहान मुलं खालचा ओठ चावतात तसा त्यांनी चावला. जिना उतरताना तिला वरून ऐकू येत होतं, खर्र, खर्र, दारापासून आरामखुर्चीपर्यंत.

बुधवारी सकाळी गालांना दाढीचा साबण लावून ते आरशासमोर बसले आणि उठलेच नाहीत.

पुढच्या शनिवारी ती आलीच, पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि बाल्कनीकडे कोणी फिरकलं नाही. येणारा प्रत्येकजण आत्याला विचारत होता, "ही रडली का?" आत्या मान हलवायची. "असं बरं नव्हे," लोक म्हणायचे, जणू ताप उतरत नसावा.

त्याच्या पुढच्या शनिवारी दुपारी ती यादी घेऊन आली. सोमवारी संग्रहालयाची गाडी बाबांचा शंखसंग्रह न्यायला येणार होती. त्याआधी खणाखणातले शंख लेबलांशी ताडून बघायचे होते. बाहेर आभाळ आलं होतं. खोलीत करडा, ओलसर उजेड होता. एकेक खण ओढला की आत कापसावर ओळीने शंख, आणि प्रत्येकाचं तोंड उघडं. तीनशेचाळीस तोंडं आणि एकही शब्द नाही.

"मी तुला एक सांगू का?" आत्या दारात उभी राहून म्हणाली. ही बाबांची धाकटी बहीण, बारा वर्षं त्यांच्याकडेच राहायची. "हसणार नाहीस ना?"

"सांग."

"दादा घरातच आहे."

लेकीने यादीवर खूण केली. "कुठे?"

"संध्याकाळी खुर्चीपाशी चालतो. तोच आवाज. त्याची पावलं मला कळणार नाहीत होय? मी त्याचं बिस्किट ठेवते खुर्चीखाली, नेहमीचं. वाटीत पाणी. सकाळी बिस्किट संपलेलं असतं."

"उंदीर असेल."

"उंदीर पाणी पिऊन वाटी तिथेच ठेवतो?"

"मग काय फडताळात लावून ठेवेल?"

"कर थट्टा," आत्या म्हणाली. "बाप गेला तरी तुझ्या जिभेला धार आहे, डोळ्यांत मात्र टिपूस नाही."

ती निघून गेल्यावर लेकीला टब आठवला. बाल्कनीत जाऊन बघते तर वीट खाली पडलेली, जाळी कडेला सरकलेली, वाळू कोरडी पडून कडांशी तडकलेली. शंख नव्हता. वाळूत एक बारीक चर होता. तो टबाच्या कडेपर्यंत गेला होता आणि तिथे संपला होता.

पाण्यावेगळी शंकू दहा दिवस जगत नाही. हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने ते मनात दोनदा म्हटलंसुद्धा, नीट विरामचिन्हांसकट. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

खर्र.

ती थांबली. आवाज थांबला. तिने एक पाऊल टाकलं.

खर्र, खर्र.

आरामखुर्चीपाशी कोणी नव्हतं. खुर्चीवर बाबांची उशी होती, बसून बसून खळगा पडलेली. तिने खाली वाकून बघितलं. खुर्चीखाली, पाण्याच्या वाटीशेजारी, तो शंख होता. तपकिरी बेटं, पांढुरका समुद्र. दुपारी तिने याच खुर्चीखालून केर काढला होता आणि तेव्हा तिथे फक्त वाटी आणि केर होता.

आता जी मुलगी वयाच्या सहाव्या वर्षी 'सुरक्षित बाजू नसते' हे धडाधड म्हणून दाखवायची, तिने काय करावं? तिने हात घातला आणि शंख सरळ उचलला, तोही तोंडाच्या बाजूने. माणूस दुःखात असला की त्याचं शिक्षण आधी सुट्टीवर जातं.

बोटाला काहीतरी टोचलं. शंख हातातून सुटला, घरंगळत कपाटाखाली गेला. बोटाच्या पेरावर रक्ताचा एक थेंब उभा राहिला, लाल शाईच्या ठिपक्यासारखा.

ती ओरडली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "आत्या, बहुतेक मला दवाखान्यात जावं लागेल. बाबांची शंकू चावलीय."

आत्याच्या हातातली किसणी सिंकमध्ये पडली. "ती विषारी? दुखतंय का गं?"

"नाही."

"अगं बाई! दादा म्हणायचा, दुखलं नाही तर समजायचं संपलं!" आत्या दार उघडून जिन्यात ओरडली, "मास्तर! अहो शिंपीमास्तर! हिला दुखत नाहीये!"

तळमजल्यावरचे शिंपीमास्तर गळ्यात टेप घेऊनच धावत आले. शांत डोक्याचा माणूस. त्यांनी काय झालं ते ऐकलं, गळ्यातला टेप काढला आणि लेकीच्या दंडाला करकचून बांधला.

"विष वर चढायला नको, ताई. पावणेदहा," ते म्हणाले.

"काय पावणेदहा?"

"दंड. सूज आली तर कळायला हवी. चला, गाडी बाहेरच आहे."

गाडी म्हणजे शिवलेले कपडे पोचवायची बंद व्हॅन होती. पुढे मास्तर आणि आत्या बसले. लेक मागे, हँगरांना टांगलेल्या कोटांमध्ये. दार बंद झालं आणि अंधुक उजेडात वीस-बावीस बिनमाणसांचे कोट तिच्याभोवती उभे राहिले. वळण आलं की सगळे मिळून एका बाजूला झुकायचे, काहीतरी ऐकायला कान पुढे केल्यासारखे. चौथ्या वळणाला एक बाही तिच्या खांद्यावर येऊन विसावली. तिने वळून बघितलं. करडा कोट, कोपराला चामड्याचं ठिगळ.

"मास्तर," ती शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "हा बाबांचा कोट आहे का?"

"हो ताई. बटणासाठी दिला होता. जायच्या आधीच्या रविवारी. तुम्हाला द्यायला धजावलो नाही." मास्तरांनी आरसा नीट केला. "बोटं कशी आहेत?"

"जरा बधिर होताहेत."

"बधिर!" आत्या पुढून किंचाळली. "चालवा हो गाडी! काय टाके घालत चाललात!"

बोटं खरोखरच बधिर होत होती. निळीही पडत होती. लेकीने ओठावरून जीभ फिरवली. ओठ आपले आहेत की नाहीत हे कळेना. म्हणजे आता श्वास. तिला वाटलं, किती व्यवस्थित क्रमाने चाललंय सगळं, बाबांनी सांगितलं होतं अगदी तसंच. बाबांची बाही खांद्यावरून हलत नव्हती. तिने ती बाजूला केली नाही.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी 'गोगलगाय चावली' हे शांतपणे लिहून घेतलं. मग त्यांनी विषबाधेच्या माहितीकेंद्राला फोन लावला, आणि पलीकडचं ऐकता ऐकता त्यांची पेन धरायची पद्धत बदलली.

"वेदना?" फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी विचारलं.

"नाही," लेक म्हणाली.

"अजिबात नाही?"

"नाही."

डॉक्टर फोनमध्ये म्हणाल्या, "वेदना नाहीत." पलीकडून कोणीतरी बराच वेळ बोललं. डॉक्टरांनी नर्सला खूण केली. "श्वासाची नळी तयार ठेवा."

इथे एक खरी गोष्ट सांगायला हवी. तिला दुखत होतं. पहिल्या क्षणापासून चांगलं सणसणून दुखत होतं. पण 'दुखतंय का', 'भीती वाटते का', 'रडू येतं का' या साऱ्यांना तिच्याकडे एकच छापील उत्तर होतं. एकदा ते बाहेर पडलं की मागे घ्यायची सोय नव्हती. तिला आयुष्यात सगळ्यांच्या मजकुरात दुरुस्त्या करता आल्या. आपल्या बोलण्यात नाही.

"जात नक्की कोणती होती?" डॉक्टर विचारत होत्या. "कुठे लिहिलेलं आहे का? त्यावरून पुढचं ठरवता येईल."

"दादा तर मिठालासुद्धा लेबल लावायचा," आत्या डोळे पुसत म्हणाली. "नेमकं हिलाच लावलं नाही बघा."

"लेबल?" कोपऱ्यात उभे असलेले मास्तर म्हणाले. "थांबा. कोटाच्या खिशात होतं काहीतरी. गिऱ्हाइकाच्या खिशातलं मी पिशवीत घालून हँगरला लावतो, हरवायला नको म्हणून." ते धावत गेले, धापा टाकत आले आणि एक छोटी पिशवी डॉक्टरांच्या हातात दिली. पिशवीत एक रुमाल, दोन लवंगा आणि संग्रहालयाचं पिवळट लेबल.

डॉक्टरांनी ते मोठ्याने वाचायला घेतलं, कारण माहितीकेंद्राचा माणूस अजून फोनवर होता.

"नाव: नकाशा शंकू." त्यांनी लेबल उजेडाकडे धरलं. "फक्त घर. मूळ मालकीण फार वर्षांपूर्वी वारली."

आत्याने डोळे पुसणं थांबवलं.

"सध्या राहणारा: संन्यासी खेकडा. याला स्वतःचं कवच नसतं; रिकामा शंख दिसला की शिरतो. हे घर अरुंद पडतंय, पण ऐट सोडवत नाही. स्वभाव: निरुपद्रवी, चिमटा वगळता. उद्देश…" डॉक्टर थांबल्या. "पुढचं वाचू?"

"वाचा," लेक म्हणाली.

"उद्देश: लेकीला घाबरवणे. निकाल: शनिवार. ते खोडलंय. खाली लिहिलंय, पुढचा शनिवार." त्यांनी लेबल उलटं करून पाहिलं. "एवढंच आहे."

फोनवरच्या माणसाने काहीतरी विचारलं असावं. "नाही, नाही," डॉक्टर त्याला म्हणाल्या, "खेकडा. हो, खेकडा. नंतर सांगते." मग त्यांनी लेकीचा हात हातात घेतला. "पण मग बोटं निळी का? आणि हा टेप कोणी बांधला?"

"मी," मास्तर म्हणाले. "सूज नाही हं. पावणेदहाच आहे अजून."

"अहो, एवढा आवळून बांधल्यावर चौदाचे नऊ व्हायचे!" डॉक्टरांनी गाठ सोडली. रक्त सरसरत खाली उतरलं, हाताला मुंग्या आल्या, आणि मुंग्यांच्या मागोमाग पेरावरची ती कळ, मघापासून थांबवून ठेवलेली, वाट मोकळी मिळाल्यासारखी उसळून वर आली.

"आता?" डॉक्टरांनी विचारलं. "आता दुखतंय?"

लेकीने तोंड उघडलं. नेहमीचा शब्द तयार होता. तो आला नाही.

"दुखतंय," ती म्हणाली. "मघापासून दुखतंय."

आत्याने तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता तिच्या पाठीवर हात ठेवला.

घरी परतेपर्यंत साडेसहा होत आले होते. मास्तरांनी कोट हँगरसकट आणून दिला आणि बटणाचे पैसे घ्यायला नकार दिला. आत्याने सवयीने एक बिस्किट घेतलं, आरामखुर्चीखाली ठेवलं, वाटीत पाणी भरलं. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हणजे इतके दिवस हा मेला खात होता?"

"हो."

"आणि मी याच्याशी बोलत बसले."

"काय बोललीस?"

"सगळंच. तू धड जेवत नाहीस, इथपासून. चष्मा सापडत नाही. तो गेला त्या दिवशी मी त्याच्यावर टॉवेलवरून खेकसले होते, ते." आत्याने नाक ओढलं. "ऐकायचा गं. मी बोलत असले की अजिबात आवाज करायचा नाही."

"भीतीने."

"असू दे. दादा तरी माझ्यासमोर दुसरं काय करायचा?"

दोघींना एकदम हसू आलं. बऱ्याच दिवसांत त्या घरात तो आवाज झाला नव्हता, इतका की खणांतली काच किणकिणल्यासारखी वाटली. मग आत्या स्वयंपाकघरात गेली आणि गरज नसताना भांडी मोठ्याने आपटायला लागली, जेणेकरून बाहेरचं काही ऐकू येऊ नये.

लेक फरशीवर बसली. बाबांचा कोट तिने उशीच्या खळग्यावर ठेवला. उजेड करडा झाला होता.

खर्र.

कपाटाखालून बुडालेल्या बेटांचा नकाशा हळूहळू बाहेर आला. खालून लालसर पाय, दोन काड्यांवरचे दोन डोळे. अंगाला मोठ्या झालेल्या नावाचं आणि अंगाला लहान पडणाऱ्या घराचं ओझं ओढत तो चालला होता, डावीकडे किंचित लंगडत. खर्र, खर्र. बिस्किटापाशी येऊन थांबला. साडेसहाला बाहेर येते, बाबा म्हणाले होते. बघण्यासारखं असतं.

ती सोळा वर्षांची असताना आई गेली. त्या रात्री याच खोलीत, याच खुर्चीपाशी बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले होते. खेळ नव्हता, खिशात काही लपवलेलं नव्हतं, आणि त्यांचा स्वतःचा आवाज कापत होता. त्यांनी विचारलं होतं, "घाबरलीस का गं?" तिने म्हटलं होतं, "नाही." ते एकटेच उठून बाल्कनीत गेले. पुढच्याच महिन्यात तिच्या बुटात रबरी खेकडा निघाला. त्यानंतर तीस वर्षं काही ना काही निघतच राहिलं.

खिशातून लेबल काढून तिने फरशीवर, वाटीशेजारी ठेवलं. लाल पेन पर्समध्ये होतं. तिने ते काढलं नाही.

"घाबरले," ती म्हणाली.

आवाज बारीक निघाला. खेकडा झटकन शंखात शिरला. आतल्या भांड्यांचा आवाजही थांबला. ती वाट बघत राहिली. बऱ्याच वेळाने एक लालसर पाय बाहेर आला, मग दुसरा, मग काड्यांवरचे ते दोन डोळे, तिच्याकडे वळलेले.

"घाबरले, बाबा. तेव्हाही घाबरले होते."